बांध नसलेली धरणे : कोळशाच्या खाणीतील पाण्याचा इतिहास

२७ डिसेंबर १९७५, शनिवार. धनबादजवळच्या चासनाला कोळसाखाणीत दुपारी दीडच्या सुमारास पाणी शिरले. खाली अडकलेल्या ३७५ कामगारांपैकी एकही जिवंत वर आला नाही. ‘काला पत्थर’ (१९७९) हा चित्रपट पाहिलेल्यांना ही घटना अंधुकशी ठाऊक असते. दामोदर नदी तेथून जवळच वाहते, त्यामुळे नदीच खाणीत घुसली असावी असा अनेकांचा समज असतो. तसे घडले नव्हते. ते पाणी खाणीचेच होते. वरच्या अंगाला असलेल्या, पूर्वी सोडून दिलेल्या खोदकामात ते वर्षानुवर्षे साचत आले होते.

हे पाणी तेथे आले कसे, आणि ते तेथे आहे हे ठाऊक असूनही माणसे का मेली, हा आजच्या धाग्याचा विषय. त्यासाठी थोडे मागे, इंग्लंडपर्यंत जावे लागेल.

प्रथम एक साधी गोष्ट. कोळशाची भूमिगत खाण म्हणजे एक मोठी विहीर. भूजलपातळीच्या खाली कोठेही पोकळी केली की भोवतालच्या खडकातील पाणी तिच्याकडे धावते. कित्येक खाणींत एक टन कोळसा वर काढताना त्याहून अधिक वजनाचे पाणी उपसावे लागते. दिवाळी असो वा संप, पंप चालूच राहतो.

यंत्रे येण्यापूर्वी यावर एकच खात्रीचा उपाय होता : डोंगराच्या पोटातून खालच्या दरीपर्यंत उताराचे भुयार खणायचे आणि पाणी आपल्या वजनानेच वाहू द्यायचे. इंग्लंडात विगनजवळ हेग येथे असे एक भुयार १६५३ मध्ये सुरू होऊन १६७० मध्ये पुरे झाले. लांबी सुमारे एक किलोमीटर, वेळ सतरा वर्षे, हत्यार म्हणजे पहार आणि हातोडा. ज्या जमीनदाराने ते खणवले त्याची चिकाटी विलक्षणच म्हणायची. या भुयाराकडे आपण शेवटी परत येऊ.

पण भुयाराच्या तोंडापेक्षा खोल जायचे झाले तर? तेथे पाणी उचलावेच लागते. घोड्यांच्या रहाटाने ते जमे, पण घोडे दाणा खातात. टॉमस सेव्हरीने १६९८ मध्ये वाफेच्या पंपाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘खाणकामगाराचा मित्र’ म्हणून मिरवले. हा मित्र खोल खाणीत फारसा कामास आला नाही. हवेचा दाब पाण्याला जेमतेम दहा मीटर वर ढकलू शकतो. त्यापुढे वाफेच्याच दाबाने पाणी रेटायचे, तर त्या काळच्या बॉयलरांना तो दाब सोसेना.

ही कोंडी टॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने फोडली. १७१२ मध्ये डडलीजवळच्या कोळसाखाणीवर त्याचे यंत्र उभे राहिले. मिनिटाला बारा हेलकावे, प्रत्येक हेलकाव्याला दहा गॅलन पाणी, तेही सुमारे ४७ मीटर खोलीवरून. म्हणजे मिनिटाला साधारण साडेपाचशे लिटर. यंत्र इंधनाच्या बाबतीत कमालीचे खादाड होते, पण खाणीच्या तोंडाशी न खपणारा बारीक कोळसा ढिगाने पडलेला असे. औद्योगिक क्रांतीची सुरुवात सूतगिरण्यांपासून सांगण्याची आपली सवय आहे. मला मात्र ती या पाणी उपसणाऱ्या यंत्रापासून सांगावीशी वाटते.

यंत्राने खाणी खोल नेल्या आणि त्यातूनच नवे संकट जन्मले. कोळसा संपला किंवा खर्च परवडेना की मालक पंप बंद करून निघून जाई. पोकळी राही आणि पाण्याने भरे. अशा रीतीने जमिनीखाली बांध नसलेली, सांडवा नसलेली, कोणत्याही नकाशावर नसलेली धरणे तयार झाली. शेजारची नवी खाण कधीतरी त्यांच्या भिंतीला भिडणार हे उघड होते.

३ मे १८१५ रोजी न्यूकॅसलजवळच्या हीटन खाणीत तेच झाले. जुन्या खोदकामातील पाणी फुटून आत आले आणि ७५ माणसे व मुले मेली. पाणी उपसायला नऊ महिने लागले. त्यानंतर काही मृतदेह अशा उंचवट्यावर सापडले, जेथे पाणी पोचलेच नव्हते. ती माणसे बुडाली नव्हती. वाट बंद झाल्यावर काही काळ ती जिवंत होती. त्या खाणीची तांत्रिक देखरेख करणारा जॉन बडल पुढे १८३४ मध्ये खाणींचे नकाशे जपून ठेवण्याची निकड विद्वत्सभेपुढे मांडताना दिसतो. सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा सरकारजमा करण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्याने झाली. हीटननंतर ५७ वर्षांनी!

आता आपल्याकडे. राणीगंज परिसरात कोळसा काढण्याचा पहिला प्रयत्न १७७४ चा. पुढे दामोदर खोऱ्यात लहानमोठ्या खाजगी मालकांनी शतकभर खणले. जेथे सोपे तेथे खणायचे, मग सोडायचे, असा एकूण खाक्या. १९७१ ते १९७३ या काळात कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा सरकारच्या हाती खाणींबरोबर ही भूमिगत तळीही आली.

चासनाला मात्र मोडकळीस आलेली खाजगी खाण नव्हती. ती इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीची, पोलादासाठी उत्तम कोळसा देणारी, खोल शाफ्टची आधुनिक खाण होती. तिथला थर तीव्र उताराचा. वरच्या भागातील जुने खोदकाम पाण्याने भरलेले आणि खाली नव्या गॅलऱ्या. मधोमध कोळशाचाच एक जाड पट्टा न खणता राखलेला. तोच बांध. पाण्याच्या उंचीत दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, त्यामुळे अशा बांधावर किती भार असतो याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. पाणी असलेल्या जुन्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत लेखी परवानगीवाचून जायचे नाही, आणि जावेच लागले तर पुढे छिद्रे पाडून चाचपत जायचे, असा भारतीय नियमही होता. तरीही बांध फुटला.

पुढचे दिवस पंपांचे होते. परदेशातूनही पंप आणावे लागले. शाफ्टच्या तोंडाशी नातेवाईक उभे होते, आणि पहिले मृतदेह हाती येईपर्यंत जानेवारी उजाडला होता.

यानंतरही यादी थांबत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये गझलीटांड येथे पुराचे नदीपाणी खाणीत उतरले, ६४ जण गेले. फेब्रुवारी २००१ मध्ये बागडिगी येथे पुन्हा शेजारच्या जुन्या खाणीतील पाणी, २९ बळी. अमेरिकेलाही हा धडा नव्याने शिकावा लागला. जुलै २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील क्वीक्रीक खाणीत नऊ जण अडकले, कारण शेजारच्या बंद खाणीचा अखेरचा नकाशाच खाणवाल्यांपाशी नव्हता. ते नऊही वाचले.

आपल्याकडेही एकदा असे झाले. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसले. सहा जण मृत्युमुखी पडले, ६५ जण अडकले. जमिनीवरून थेट त्यांच्यापर्यंत रुंद भोक पाडून पोलादी कुपी सोडण्यात आली. अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्या कुपीतून खाली उतरले आणि सर्व ६५ जणांना एकेक करून वर धाडले. भोक नेमके कोठे पाडायचे हे ठरवायला खाली काय आहे याची नोंद लागते. चासनालाइतकेच महाबीरचे नावही लोकांना ठाऊक असावे असे मला नेहमी वाटते. २०२३ च्या चित्रपटाने थोडे तरी काम केले.

आणि हेगचे ते भुयार? त्याच्या भरवशावर चाललेल्या खाणी केव्हाच बंद पडल्या. भुयारातून पाणी अजून वाहते. जुन्या खोदकामातील गंधकयुक्त लोहखनिजावर हवा आणि पाणी यांची क्रिया होऊन लोह विरघळते, आणि बाहेर येताच गंजून तळाशी बसते. त्यामुळे खालचा ओढा पिढ्यान्‌पिढ्या गेरूच्या रंगाचा होता. एकविसाव्या शतकात सरकारी खर्चाने तेथे शुद्धीकरणाची तळी बांधण्यात आली. १६५३ साली खणायला घेतलेल्या चराचे पाणी आता त्या तळ्यांत निवळून मग ओढ्याला मिळते.