‘वू-वेइ’ : एका संज्ञेचा राजकीय इतिहास

ताओ मतातील ‘वू-वेइ’ ही संज्ञा मराठीत ‘निष्क्रियता’, ‘अकर्म’ अथवा ‘सहजकर्म’ या शब्दांनी सांगता येईल. ‘वू’ म्हणजे नसणे आणि ‘वेइ’ म्हणजे करणे. तेव्हा ‘अकर्म’ हा पर्याय शब्दशः चुकीचा ठरत नाही. परंतु संज्ञेचा अर्थ केवळ तिच्या घटकांवरून ठरत नाही. ती कोणाविषयी व कोणत्या प्रसंगी योजली गेली, हेही पाहावे लागते. कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहात ती एकदाच येते, आणि तीही शुन या प्राचीन आदर्श राजाच्या संदर्भात. लाओ-त्झूच्या नावावरील ग्रंथातही ती पुष्कळदा राजा व प्रजा यांच्या संबंधाविषयीच आहे.

राज्यकारभारात या तत्त्वाची कसोटी लागली ती हान राजवटीच्या आरंभी. इ. स. पू. १९३ मध्ये शिआओ हो याच्या मृत्यूनंतर त्साओ शेन हा महामंत्री झाला. त्याने पूर्वसूरींचा एकही नियम बदलला नाही. तरुण सम्राटाने याविषयी नापसंती दर्शविली, तेव्हा त्याने उलट प्रश्न केला : आपण आपल्या पित्याहून आणि मी शिआओ होहून श्रेष्ठ आहोत काय? नसल्यास त्यांनी घालून दिलेले कायदे जसेच्या तसे चालविणे हेच उचित नव्हे काय? इतिहासकार स्सु-मा च्येन याने हा प्रसंग नोंदविला आहे. पुढे चिंग सम्राटाच्या काळात जमिनीवरील कर उत्पन्नाच्या १/१५ वरून १/३० वर आला.

मात्र हे कायदे विरळ होते, असे समजण्याचे कारण नाही. हूपै प्रांतात चांगच्याशान येथे १९८३ साली सुरू झालेल्या उत्खननात एका कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले. ते सामान्यतः इ. स. पू. १८६ चे मानले जातात. पाचशेहून अधिक पट्ट्यांवरील या संग्रहात चोरी, कुटुंबांची नोंद, जमिनीचे वाटप, टपालव्यवस्था अशा नाना विषयांची तपशीलवार तरतूद आहे. म्हणजे महामंत्री स्वस्थ बसू शकला, तो असंख्य कारकून लिहीत होते म्हणून. वरच्याचे ‘न करणे’ हे खालच्यांच्या अविरत करण्यावर उभे होते.

ही विसंगती त्या काळच्या विचारवंतांच्याही ध्यानात आली असावी. इ. स. पू. १३९ मध्ये सम्राट वू यास सादर झालेल्या ‘ह्वाइ-नान-त्झू’ या ग्रंथात, वू-वेइ म्हणजे हातपाय न हलविणे, या समजुतीचे खंडन आहे. पाणी स्वभावतः वाहते, परंतु पाट माणसालाच काढावे लागतात. धान्य स्वभावतः उगवते, परंतु नांगरणी माणसालाच करावी लागते. वर्ज्य आहे ते वस्तुस्वभावाच्या विरुद्ध जाणे.

पुढे इ. स. च्या दुसऱ्या शतकापासून बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे होऊ लागली. आरंभीच्या भाषांतरकारांनी ‘निर्वाण’ या पदासाठी ‘वू-वेइ’ योजले. ‘असंस्कृत’ या पारिभाषिक पदासाठी ते कायमचे रूढ झाले. राजसभेतील शब्द अशा रीतीने मोक्षशास्त्रात गेला. आपल्या कानांस त्यात वैराग्याचा ध्वनी प्रथम ऐकू यावा, हे या पार्श्वभूमीवर स्वाभाविकच होय.

म्हणून हान काळाच्या संदर्भात ‘अहस्तक्षेप’ हा पर्याय अधिक निर्दोष वाटतो. ‘सहज’ हा शब्द गोड खरा. पण ते सहजत्व कोणाच्या श्रमांनी शक्य झाले, हा प्रश्न तो झाकून टाकतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तोच प्रश्न प्रथम विचारावयास हवा.