चिनी आईची वर्ध्याची लेक

दरवर्षी १२ जानेवारीला आपण सिंदखेड राजाला जातो. तिथं जिजाऊंचं सासर कोणी विचारत नाही. लखुजीराव जाधवांची लेक, एवढं आपल्याला पुरतं. माहेराचा असा अभिमान बाळगणारा आपला जिल्हा. म्हणून आज विदर्भातच जन्मलेल्या एका लेकीची गोष्ट सांगते. तिच्या आईचं माहेर आहे चीनमध्ये.

१९७७ साली येलन नावाची मुलगी आजोबांसोबत चीनमधून भारतात आली. आजोबा गांधीजींच्या आत्मकथेचं चिनी भाषेत भाषांतर करत होते, त्यामुळे नात पोचली ती थेट वर्ध्याजवळ, सेवाग्रामला. पुढं तिनं क्रांती गुट्टा या तेलुगू गृहस्थांशी लग्न केलं. ७ सप्टेंबर १९८३ ला वर्ध्यात त्यांना मुलगी झाली. ती बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा. वाढली मात्र हैदराबादला.

येलन आली तेव्हा चीनशी झालेल्या युद्धाला पंधराच वर्षं झाली होती. १९६२ च्या त्या युद्धानंतर आपल्या देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. (वर्धा जिल्ह्यातली देवळी नव्हे हं.) त्यात भारतात जन्मलेल्या लेकी होत्या, चिनी घरात दिलेल्या इथल्या सुनाही होत्या. माहेर इथलं असूनही सुना सासरच्या वंशापायी आत गेल्या. म्हणजे बाईला कोणत्या घरची धरायचं, हे तिला न विचारता ठरतं, आणि ठरवणाऱ्याच्या सोयीनं ठरतं.

ज्वालाचंही तसंच झालं. तिचं आडनाव वडिलांचं, कागदोपत्री ती गुट्टा घराण्याची. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अश्विनी पोनप्पासोबत तिनं दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, २०११ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. तेव्हा ती भारताची लेक. पण करोना आला आणि लोकांना एकदम तिच्या आईचं माहेर आठवलं. तिला ‘हाफ करोना’ म्हणून हिणवलं. आईकडचं नातं कागदावर कुठंच नसतं, शिवी देताना मात्र बरोबर सापडतं!

२०२१ च्या फेब्रुवारीत, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी तिची आजी चीनमध्ये वारली. साथीमुळे येलनला वर्षभर आईकडे जाता आलं नव्हतं. ज्वालानं आजी गेल्याचं ट्विटरवर लिहिलं. आजीला तिनं काय म्हटलं असेल? ‘अम्मम्मा’. तेलुगूत आईच्या आईला म्हणतात तसं. चीनमधल्या आजीला बापाच्या भाषेतली हाक! मला हे फार आवडलं. त्या दुःखाच्या वेळीही लोकांनी तिला बोल लावले. माहेरचं माणूस गेलं आणि जाता आलं नाही, हे काय असतं ते आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे.

आपल्याकडे गटाचं खातं उघडताना बघा, आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. बाई एकच, आणि बँकेत सिद्ध करत बसा! आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, मग आडनाव, असं लिहायचं आहे. ज्यांच्या घरी त्यानंतर लेकरू झालं, त्यांनी पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आईचं नाव कुठं लिहिलंय, ते मिळून बघू.