येरेरुयक बॅसिलिका

आर्मेनियातील एक प्राचीन, भग्न ख्रिस्ती मंदिर. शिराक प्रांतात, आनिपेम्झा या खेड्याच्या कडेला, अखुरियान नदीजवळच्या उघड्या पठारावर ते उभे आहे. नदीपलीकडे तुर्कस्तानची हद्द सुरू होते. मध्ययुगीन राजधानी आनीचे अवशेष त्याच बाजूला, येथून काही किलोमीटरवर आहेत. चर्चचे बांधकाम सामान्यतः सहाव्या शतकातले मानले जाते. काही अभ्यासक त्याचा आरंभ पाचव्या शतकापर्यंत मागे नेतात. आनीला राजधानीचा मान मिळाला तो ९६१ मध्ये, म्हणजे हे चर्च बांधून कित्येक शतके लोटल्यावर.

आर्मेनियन चर्च म्हटले की मधोमध उंच घुमट आणि त्यावर शंकूसारखे छप्पर डोळ्यांसमोर येते. तो प्रकार सातव्या शतकात सर्वत्र रुजला. त्याआधी लांबट दालनाची बिनघुमटी बॅसिलिका प्रचलित होती. येरेरुयक हे तिचे सर्वांत भव्य उदाहरण मानले जाते.

पायऱ्यापायऱ्यांच्या उंच जोत्यावर इमारत पूर्व-पश्चिम पसरली आहे. खांबांच्या तीन जोड्यांनी आतील दालनाचे तीन भाग केले होते : मधे रुंद मध्यवीथी आणि दोन्ही अंगांना अरुंद पार्श्ववीथी. मध्यवीथीच्या पूर्व टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा आहे. चारही कोपऱ्यांवर एकेक खोली असून त्या उत्तर आणि दक्षिण भिंतींच्या बाहेर आलेल्या आहेत. त्यांच्या दरम्यान उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या तीन बाजूंना कमानींच्या ओसऱ्या होत्या. पश्चिमेकडील दोन खोल्यांमुळे दर्शनी भागाला जुळ्या मनोऱ्यांचे रूप येत असे. अशी रचना उत्तर सीरियातील काल्ब लोझे येथील पाचव्या शतकाच्या चर्चमध्ये आढळते. त्यामुळे येथील कारागिरांचा सीरियाशी संबंध असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

दक्षिणेकडील दरवाजे ही येथील कलाकुसरीची मुख्य जागा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना अर्धस्तंभ, त्यांवर पानांची नक्षी असलेली स्तंभशीर्षे आणि वर त्रिकोणी माथा अशी त्यांची मांडणी आहे. कमानींना घोड्याच्या नालेचा आकार दिला आहे. खिडक्यांच्या कमानींवरून नक्षीदार पट्टी फिरवली आहे. दक्षिण भिंतीवर बायबलमधील एका स्तोत्राचे वचन ग्रीक लिपीत कोरलेले आहे.

बांधकामासाठी टफ हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, तांबूस-नारिंगी छटेचा दगड वापरला आहे. बाहेर आणि आत घडीव चिऱ्यांचे पातळ थर रचून मधली पोकळी चुना आणि दगडगोट्यांनी भरण्याची आर्मेनियन पद्धत येथे दिसते. जेथे चिरे निखळले आहेत तेथे ही खडबडीत भरणी उघडी पडली आहे. ती चुन्यात इतकी घट्ट बसलेली असते की पुढचे चिरे गेल्यावरही भिंत टिकून राहते.

मूळ छप्पर कसे होते, याबद्दल एकमत नाही. मध्यवीथीची रुंदी पाहून काही जण लाकडी छप्पर सुचवतात, तर काही दगडी कमानछत होते असे मानतात. आज छप्पर पूर्णपणे नाहीसे झाले आहे. आतील खांबांचे केवळ तळ शिल्लक आहेत. ओसऱ्याही कोसळल्या आहेत. दक्षिण आणि पश्चिम भिंती त्या मानाने बऱ्या स्थितीत आहेत. उघड्या भिंतींच्या माथ्यातून पाणी झिरपते आणि हिवाळ्यात ते गोठून फुगले की सांधे सुटतात. हा प्रदेश भूकंपप्रवणही आहे.

निकोलाय मार यांनी १९०७-०८ मध्ये येथे उत्खनन केले. २००९ पासून पात्रिक दोनाबेदियान यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच-आर्मेनियन पथकाने परिसराचा नव्याने अभ्यास केला. त्यात चर्चभोवतीची दफनभूमी, लहान मुलांच्या कबरी, कोरीव स्मृतिस्तंभांचे अवशेष आणि जवळच्या दरीतील जुना बांध यांची नोंद झाली. चर्च एकटे नव्हते, त्याभोवती वस्ती नांदत होती, हे त्यावरून स्पष्ट झाले.

१९९५ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. प्युमिस दगडाच्या खाणीसाठी सोव्हिएत काळात वसवलेले आनिपेम्झा गाव खाणकाम मंदावल्यावर ओस पडत गेले. २०१६ मध्ये युरोपा नोस्त्रा या संस्थेने युरोपातील सात सर्वाधिक धोक्यातील वारसास्थळांत येरेरुयकचा समावेश केला आणि त्या नोंदीत चर्चच्या परिसराबरोबर या गावालाही स्थान दिले.