उपासक आणि श्रावक

मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात नालंद्याच्या एका धनाढ्य गृहस्थाची कथा येते. उपालि हा निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा अनुयायी. बुद्धांना वादात जिंकायला गेला आणि त्यांचाच उपासक होऊन परतला. तरीही बुद्धांनी त्याला बजावले, की तुझे घर निगंठांसाठी दीर्घकाळ पाणवठ्यासारखे आहे. दारी आलेल्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस.

कथा बौद्धांची आहे, तेव्हा विजय कोणाचा हे ठरलेलेच होते. पण उपालि उपासक झाला म्हणजे नेमके काय बदलले? त्रिशरण आणि पंचशील एवढ्यावर उपासकत्व सिद्ध होई. विनयाचे तपशीलवार नियम भिक्षूंसाठी होते.

जैन श्रावकाची गोष्ट निराळी. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चतुर्विध संघ. बारा व्रते आणि प्रत्येक व्रताचे अतिचार मोजून सांगितलेले. 'उवासगदसाओ' या अर्धमागधी आगमातील आनंद हा बारा कोटी सुवर्णाचा धनी. तो महावीरांसमोर आपल्या संपत्तीची, गोधनाची, इतकेच काय, दात घासण्याच्या काडीचीही मर्यादा घालून घेतो. व्रत असे थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते.

उपासकाचे घर मात्र बरेचसे मोकळे राहिले. आपल्याकडचा पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी लेणे कोरविले आणि विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण व्याजी ठेवले. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावेही अभिमानाने नोंदलेली आहेत. त्याला यात विसंगती वाटली नसावी. विहारांचा आश्रय आटल्यावर अशा दात्यांच्या वंशजांना बौद्ध म्हणून धरून ठेवणारे फारसे काही उरले नसावे, असे मला वाटते. जैन समाज टिकण्याला इतर कारणेही आहेत. पण श्रावकाचार त्यांत गौण नव्हे.

ही उणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अचूक हेरली होती. गृहस्थासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नसणे हे भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे एक कारण, असे त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथात नोंदवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो गृहस्थांना त्रिशरण-पंचशीलासोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे, तसेच कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून न करवून घेण्याचीही.