मूठभर धान्य आणि पैचा हिशेब

शाळेच्या स्मरणिकेतील काही पाने आवर्जून वाचली जातात. संस्थापकांची छायाचित्रे न्याहाळली जातात, आपल्या वर्गशिक्षकांविषयी कोणी काय लिहिले आहे ते शोधले जाते, जुन्या स्नेहसंमेलनांच्या आठवणींत मन रमते. शेवटची पाने मात्र बहुधा उलगडलीच जात नाहीत. त्या पानांवर देणगीदारांची यादी असते. एखाद्या खोलीसाठी दिलेली मोठी रक्कम, आईच्या स्मरणार्थ ठेवलेले पारितोषिक, आणि खाली बारीक अक्षरांत अकरा, एकवीस, एकावन्न रुपये देणाऱ्यांची लांबलचक नामावळी. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या न वाचलेल्या पानांमागचा इतिहास सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संस्था कोणी स्थापन केली हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणाच्या पैशावर व कोणत्या रीतीने उभी राहिली हेही महत्त्वाचे असते.

जबलपूरचा मराठी समाज एकाच वेळी येथे आलेला नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग याच शहरात सांधला गेला. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. रेल्वे, कारखाने, कचेऱ्या आणि शाळा यांच्या ओढीने मराठी कुटुंबे येत राहिली. त्यांत सावकार व जमीनदार थोडे, पगारावर जगणारे पुष्कळ. मध्यप्रांत व वऱ्हाड असे राज्य असेपर्यंत मराठी ही त्या राज्याच्या दोन प्रमुख भाषांपैकी एक होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि येथील मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य झाला. संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. परंतु हक्क मिळाला म्हणून फळे-बाके येत नाहीत. ती कोणी तरी आणावी लागतात.

आणण्याची रीत मराठी समाजाला नवीन नव्हती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले, आणि लोकांनी स्वतः काही उभे केले तर सरकार त्यात भर घालील, हा विचार देशभर रुजला. जबलपुरातच १८६८ मध्ये हितकारिणी सभा स्थापन झाली होती. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि त्याच्या पुढल्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. या सोसायटीने निधिसंकलनाचा पहिला धडा घालून दिला. संस्थानिकांकडे व धनिकांकडे जाण्यापूर्वी तिच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. म्हणजे पहिली देणगी मागणाऱ्यांचीच होती. पुढे गोपाळ कृष्ण गोखले महाविद्यालयाच्या इमारतीसाठी दारोदार हिंडले, तेव्हा त्यांच्या मागण्याला हे वजन होते. हीच प्रतिज्ञा किती काटेकोर पाळावी, सदस्यांनी बाहेरचे काम व प्राप्ती स्वीकारावी की नाही, यावरून वाद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्याग हे भांडवल असले की त्याचाही हिशेब मागितला जातो, हे त्या वादाने दाखवून दिले.

या परंपरेतील सर्वांत चिकाटीचा मागणारा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि काही वर्षांत तो हिंगण्यास नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाल्यावर ते पायी हिंगण्यास जात, आणि सुट्टी आली की गावोगाव वर्गणी गोळा करीत. विधवांच्या शिक्षणाचे नाव काढताच दार लावून घेणाऱ्या समाजात ही वर्गणी मागायची होती. म्हणून रकमेपेक्षा देणाऱ्यांची संख्या त्यांना मोलाची वाटली असल्यास नवल नाही. चार आणे देणारा माणूस त्या कामाचा विरोधक राहत नाही. आश्रमाचे वार्षिक अहवाल छापले जात. देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय झाले ते वाचता येई.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. सरकारी मान्यता नसलेल्या काळात या देणगीने विद्यापीठाला आधार दिला, हे निर्विवाद आहे. वैधानिक दर्जा मिळेपर्यंत १९५१ उजाडले. परंतु एवढी मोठी देणगी मिळाल्यावरही कर्व्यांची झोळी खाली ठेवली गेली नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९२९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका व जपानच्या दौऱ्यावर निघाले. पुढे आफ्रिकेतील हिंदी लोकांकडेही गेले. १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा घरोघर लहान वर्गण्या मागू लागले.

कर्व्यांच्या शहरी मध्यमवर्गाकडे नाणी तरी होती. सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याकडे तीही नसत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. ज्याच्याजवळ जे असेल ते त्यांनी मागितले. मुष्टिफंडाची कल्पना साधी होती. घरच्या बाईने दळणाच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, आणि ती साठली की वसतिगृहाच्या मुलांसाठी द्यायची. मुले श्रम करून शिकत, गावकरी जागा व मजुरी देत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, त्यात मंगळसूत्रही गेले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४८ नंतर काही काळ संस्थेचे सरकारी अनुदान थांबले, तरी संस्था बंद पडली नाही. हजारो घरांतून एकेक मूठ आलेली असली की ती शाळा कोणा एकाची राहत नाही, आणि एकाच्या हुकमाने मोडतही नाही.

निधी उभारण्याचा तिसरा मार्ग मराठी माणसाच्या विशेष आवडीचा आहे, तो म्हणजे नाटकाचा मदतीचा प्रयोग. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. एरवी परस्परांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या दोन मंडळ्यांचे नायक त्या रात्री एका रंगमंचावर आले. केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. पुढच्या जागांचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले होते. बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळांनी गणेशोत्सवातील हौशी नाटके, गायनाच्या बैठका आणि तिकिटांची पुस्तके यांवर आपल्या वास्तू उभारल्या, त्याचे मूळ या परंपरेत आहे. अशा प्रयोगाने पैसा येतो, लोकही एकत्र येतात. मात्र तो वर्षातून एकदाच येतो, आणि शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

मागण्याची कला किती प्रभावी असू शकते, हे जबलपूरने प्रत्यक्ष पाहिले आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये विदर्भातून निघालेले गांधीजी हरिजन निधीसाठी फिरत फिरत डिसेंबरच्या आरंभी या शहरात आले आणि काही दिवस राहिले. सुमारे नऊ महिन्यांत त्यांनी साडेबारा हजार मैलांचा प्रवास केला आणि सुमारे आठ लाख रुपये जमविले. ते भेटवस्तूंचा सभेतच लिलाव करीत, स्त्रियांकडे हातातल्या बांगड्या मागत, स्वाक्षरीसाठी पाच रुपये घेत. तांब्याचे नाणे आणि सोन्याचा दागिना ते सारख्याच आदराने स्वीकारीत. कारण त्या दौऱ्याचा उद्देश पैशापुरता नव्हता. अस्पृश्यतेच्या विरुद्ध एक पैसा देणाऱ्याने आपले मत जाहीरपणे नोंदविलेले असे.

या साऱ्या इतिहासातून संस्थाचालकांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात. मागणाऱ्याने आधी स्वतः द्यावे. कशासाठी मागतो ते नेमके सांगावे. 'शाळेसाठी' म्हणण्यापेक्षा 'प्रयोगशाळेच्या टेबलांसाठी' म्हटले तर देणारा लवकर हात पुढे करतो. ध्रुवनिधी आणि चालू खर्च यांची खाती वेगळी ठेवावीत व ध्रुवनिधीच्या मुद्दलाला हात लावू नये. पावती लहान रकमेचीही द्यावी आणि हिशेब न मागता मांडावा. मोठी देणगी कृतज्ञतेने घ्यावी, पण तिच्या अटी सर्वांसमक्ष वाचाव्यात, आणि ती आली म्हणून लहान वर्गणीची वही मिटवू नये.

आजची परिस्थिती वेगळी आहे, तरी प्रश्न तोच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणे आवश्यक केले. तो निधी जरूर मिळवावा; परंतु तो बहुधा एखाद्या ठरावीक प्रकल्पाला मिळतो आणि प्रकल्पाबरोबर संपतो. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही एक भेद ध्यानात ठेवावा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी संस्थेला साधेपणाने घेता येते. परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्याची देणगी मात्र विदेशी योगदान ठरते आणि त्यासाठी संस्थेपाशी वेगळी नोंदणी किंवा परवानगी असावी लागते. प्रेमापोटी पाठविलेली रक्कम नियमाच्या अज्ञानामुळे शाळेला अडचणीत आणू नये.

मराठी माध्यमाच्या शाळांना आज पट टिकविणे कठीण झाले आहे, हे येथील पालकांना वेगळे सांगावयास नको. ज्या घरांतून आपण शिकून बाहेर पडलो, त्यांतील अनेक नातवंडे आता दुसऱ्या भाषेत धडे गिरवितात. अशा वेळी शाळेला नव्या खोलीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, नियमित आधाराची गरज असते. येथे कर्व्यांच्या आयुष्यातील एक लहान, फारसे न सांगितले जाणारे काम आठवते. आश्रम व विद्यापीठ यांच्या कितीतरी आधी, तरुण वयात, त्यांनी 'मुरूड फंड' काढला होता. कोकणातले आपले मुरूड सोडून पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या कमावत्या मंडळींनी प्राप्तीचा लहानसा अंश नियमाने गावासाठी द्यावा, अशी ती योजना. गाव सुटले तरी गावाचे देणे सुटत नाही, या भावनेला त्यांनी वहीचे आणि पावतीचे रूप दिले.

पुणे, नागपूर, बंगळूर आणि सातासमुद्रापार विखुरलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची शाळाही त्यांचे मुरूडच आहे. दरमहा झेपेल एवढी रक्कम, ती ठेवण्यासाठी स्वतंत्र ध्रुवनिधी, आणि दरवर्षी स्नेहसंमेलनात सर्वांसमोर वाचला जाणारा हिशेब, इतकी योजना हीरक महोत्सवी वर्षात सहज आखता येईल. पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेतही शेवटी देणगीदारांची यादी असेलच. ती बारीक अक्षरांतली ओळ आजच्यापेक्षा लांब झालेली असावी, आणि तिच्यात आजच्या पालकांबरोबर आज पहिलीत बसलेल्या मुलांचीही नावे असावीत.