बंदुकीच्या पुढे चालणारा माणूस

आज एका शब्दापासून सुरुवात करू या. शब्द आपल्या रोजच्या मराठीतला आहे: शिकारी. आपल्याकडे शिकारी म्हणजे ज्याच्या हातात बंदूक तो. वाघावर पाय ठेवून फोटो काढणारा तो. आता मद्रास इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी शिकारीवर लिहिलेली जुनी पुस्तकं उघडा. तिथे ‘शिकारी’ हा शब्द बहुतेक वेळा साहेबासाठी नसतोच. साहेब स्वतःला ‘स्पोर्ट्समन’ म्हणवतो. शिकारी म्हणजे त्याच्या पुढे अनवाणी चालणारा गावचा माणूस. ओल्या मातीतला ठसा कालचा की आजचा हे सांगणारा, वाऱ्याची दिशा पाहून साहेबाला झाडाआड बसवणारा. त्याला आपण वाटाड्या म्हणू. आजची गोष्ट त्याची आहे, आणि त्याच्या ताटाची.

मी चेन्नईत राहतो. इथे कुणाला सांगितलं की तुमचं शहर शिकारीच्या रानात वसलंय, तर हसतात. पण गिंडीचं उद्यान बघा. शहराच्या पोटात जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटर उरलेलं हे रान एके काळी राखीव शिकाररान होतं. सरकारने ते १८२१ साली गिल्बर्ट रॉड्रिक्स नावाच्या इंग्रजाकडून ३५,००० रुपयांना विकत घेतलं. पुढे याच रानाचा मोठा तुकडा आयआयटीला गेला, एक राजभवनाकडे राहिला आणि १९७८ साली उरलेल्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. काळवीट इथली मूळची, चितळं मागाहून आणून सोडलेली. आजही आयआयटीच्या वसतिगृहासमोर चितळ चरताना दिसतं आणि पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

मोठी शिकार मात्र इथे नव्हती. वाघ, हत्ती, गवा यांच्यासाठी साहेब मद्रासहून निलगिरी, अनमलाई, म्हैसूरच्या रानांत जायचा. मद्रास फौजेतल्या डग्लस हॅमिल्टनचं दक्षिणेतल्या शिकारीवरचं पुस्तक १८९२ सालचं. त्याआधी १८७८ साली सँडरसनचं आलं, म्हैसूरकडे हत्ती पकडण्याचं काम करणाऱ्या अधिकाऱ्याचं. ही पुस्तकं मी आवडीने वाचतो, हे कबूल करायला मला संकोच नाही. रान कसं पाहावं हे त्यांना कळत होतं. जनावराची लांबी ते इंचात देतात, शिंगाचा घेर देतात, गोळी कुठल्या खांद्यात शिरली ते देतात. वाटाड्याचं नाव मात्र पुष्कळदा देत नाहीत. दिलंच तर एकेरी, एका शब्दाचं.

अपवाद आहेत. बंगळूरच्या केनेथ अँडरसनने (१९१०–१९७४) १९५४ साली आलेल्या आपल्या पहिल्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण बैरा नावाच्या पुजारी जमातीच्या माणसाच्या नावाने लिहिलं. तेव्हाच्या सेलम जिल्ह्यातल्या चिन्नार नदीकाठच्या रानातला हा माणूस. अँडरसन त्याला मित्र म्हणतो आणि ते खोटं वाटत नाही. तरीही बैरा आपल्याला कळतो तो अँडरसनच्या तोंडून. बैराला अँडरसन कसा वाटला, हे सांगणारा कागद नाही.

मग वाटाड्याच्या आठवणी शोधायच्या कुठे? मला वाटतं, जेवणात शोधाव्यात. कारण शिकार संपली की सगळ्यांना भूक लागते, आणि कोण कुणाबरोबर जेवतो हे लपत नाही.

वाटणीचा रिवाज साधा होता. कातडं, शिंगं, कवटी साहेबाची. ती म्हैसूरला व्हॅन इंजेनकडे जायची, पेंढा भरून, काचेचे डोळे लावून परत यायची. मांस गावाचं आणि हाकाऱ्यांचं. वाघ पडला तर त्याचं मांस खायचा प्रश्न नव्हता, पण चरबी सांधेदुखीला हवी असायची, नखं पोराच्या गळ्यात बांधायला हवी असायची, आणि मिशा तर साहेबाची पाठ वळताच गायब व्हायच्या. यावर साहेबलोकांची चिडचिड पानोपानी आहे.

आता सांबर पडलंय असं समजा. तंबूपाशी साहेबाचा मद्रासी बटलर मांडीचा तुकडा भाजतोय. बरोबरच्या मुसलमान चाकरांना जनावर हलाल झालेलं हवं, म्हणून गोळी लागताच त्यांच्यातला एक जण सुरी घेऊन धावलेला असायचा. हा प्रसंग शिकारकथांत इतक्यांदा येतो की पाठ होऊन जातो. वाटाडे आपल्या जातीच्या माणसांबरोबर, थोडं लांब, आपल्या चुलीवर. साहेबाच्या भांड्यात गोमांस शिजतं म्हणून पुष्कळ हिंदू वाटाडे त्याच्या स्वयंपाकाला शिवायचे नाहीत, आणि साहेब त्यांना आपल्या टेबलाशी बोलवायचा नाही. जनावर एक, चुली तीन. शिकारकथांत ‘आम्ही सगळ्यांनी मेजवानी केली’ असं वाक्य आलं की मी थांबतो आणि चुली मोजतो.

सांबर शब्द निघालाच आहे तर एक गंमत सांगून पुढे जातो. चेन्नईत नव्याने आलेल्या मराठी माणसाला हॉटेलच्या पाटीवर ‘सांबार’ वाचून क्षणभर शिंगं दिसतात. त्या सांबाराचं नाव तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांच्या पाहुणचारावरून पडलं, अशी दंतकथा इथे कुणीही सांगेल. दंतकथा म्हणूनच ऐकावी. पण त्या दरबाराला खाण्याची जाण होती यात वाद नाही. सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महालाच्या संग्रहातला आहे.

त्याहून सातशे वर्षं मागे जा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. मराठी अभ्यासकांना तो ठाऊक असतो तो महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात या उल्लेखामुळे. त्याच ग्रंथात राजाच्या मृगयेचं सविस्तर वर्णन आहे, आणि राजाच्या भोजनाचंही. त्या भोजनात शेतात आणि नदीकाठी वाढलेले काळे उंदीर आहेत. शेपटीला धरून गरम तेलात घालायचे, केस काढायचे, मग भाजायचे किंवा शिजवायचे. हे राजाचं पक्वान्न! कोकण-ठाण्यातल्या कातकऱ्याला उंदीर खातो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

उंदरावरून मी मुद्दाम इथवर आलो, कारण चेन्नईच्या भोवतालचे वाटाडे म्हणजे इरुळर, आणि त्यांच्या जेवणाची सुरुवात उंदरापासून होते. ‘इरुळ’ म्हणजे तमिळमध्ये अंधार. चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूर या चेन्नईला लागून असलेल्या जिल्ह्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. मद्रास संग्रहालयाचा प्रमुख एडगर थर्स्टन याने १९०९ साली दक्षिणेतल्या जातीजमातींवर सात खंड काढले, त्यात इरुळर आहेत. थर्स्टनला माणसांची डोकी आणि नाकं मोजायचा नाद होता. पुन्हा तेच पाहा, शिंगाचा घेर आणि माणसाचं नाक एकाच टेपने.

‘जय भीम’ हा २०२१ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात सुरुवातीला शेतातले उंदीर पकडण्याचं दृश्य आहे. (ज्या १९९३ सालच्या खटल्यावर तो आधारलेला आहे त्यातला मृत माणूस प्रत्यक्षात कुरवर समाजाचा होता, चित्रपटात त्याला इरुळर केलं आहे.) ते दृश्य तपशिलात बरोबर आहे. हातात छोटी लोखंडी पहार. बिळाचं एक तोंड सोडून बाकीची बुजवायची, मडक्यात पेंढा पेटवून धूर आत फुंकायचा. उंदीर मिळतोच, शिवाय त्याने बिळात साठवलेलं भातही मिळतं. बायका माती चाळून ते वेगळं करतात. म्हणजे एका बिळातून कालवण आणि भात, दोन्ही. शेतमालकाचं पीक वाचतं ते वर. पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाल्या वाळव्या उडतात, त्यांना तमिळमध्ये ‘ईसल’ म्हणतात. रात्री वारुळाच्या तोंडाशी दिवा धरायचा, खड्ड्यात पडल्या की गोळा करायच्या आणि भाजून खायच्या. घोरपडही एके काळी ताटात असायची, तिला इथे उडुंबु म्हणतात. आपल्या मुरारराव घोरपड्यांनी १७४१ ते १७४३ अशी दोन वर्षं तिरुचिरापल्ली ताब्यात ठेवली, तेव्हा त्यांच्या आडनावाचा अर्थ तिथल्या लोकांना कुणी समजावून दिला असेल का, असा एक वात्रट प्रश्न मला नेहमी पडतो.

इरुळरांची खरी मोठी शिकार साप. खायला नव्हे, सापाचं मांस ते खात नाहीत. कातड्याच्या व्यापाऱ्यासाठी. विसाव्या शतकात सापाच्या कातड्याच्या पर्सा आणि बूट परदेशांत खपत होते, आणि त्या साखळीच्या अगदी तळाला पहार घेतलेला इरुळर होता. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सत्तरीतच कातड्यांची निर्यात बंद झाली. कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याने काय केलं तेही पाहू या. शंभर वर्षं ज्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी वाघ मारले त्यांची पुस्तकं आणि दिवाणखान्यातली मुंडकी तशीच राहिली. वाटाड्याची मात्र चूलच गुन्ह्यात आली. घोरपड पकडली तर तुरुंग, साप पकडला तर तुरुंग. अनेक कुटुंबं भातगिरण्यांत आणि वीटभट्ट्यांवर उचल घेऊन बांधली गेली. रायगडच्या कातकऱ्यांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वाट काढली ती १९७८ साली. चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर वडनेम्मेली इथे, रोम्युलस व्हिटेकर यांनी उभ्या केलेल्या मगरींच्या केंद्राच्या आवारात, इरुळर साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. साप मारायचा नाही. पकडायचा, वाळू घातलेल्या मडक्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायचं, काही आठवडे ठेवून चार वेळा विष काढायचं, पोटावरच्या खवल्यावर खूण करायची आणि पुन्हा रानात सोडायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार. मी तिथे विष काढताना पाहिलं आहे. काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्यात घोणशीचे दात रुततात आणि पिवळट थेंब खाली ओघळतो. प्रेक्षक श्वास रोखून बसतात, पकडणारा माणूस कंटाळल्यासारखा दिसतो.

त्या थेंबाचं पुढे काय होतं हे महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्यांना विशेष सांगायला हवं. विष घोड्यांना थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष बनवतात. हाफकिनसारखे जे मोजके उत्पादक देशात ते बनवतात, त्यांच्या विषाचा मोठा पुरवठा वर्षानुवर्षं या एका संस्थेकडून झाला आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, पुष्कळशी पावसाळ्यात. आजऱ्याच्या किंवा चिपळूणच्या दवाखान्यात ज्याला प्रतिविषाची कुपी वेळेवर मिळाली, त्याच्या कुपीत बहुधा कुठल्या तरी इरुळराने बांधावर उकरलेलं एक बीळ आहे.

२०१७ साली या वाटाड्यांना अमेरिकेतून बोलावणं आलं. फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांनी पाळून सोडून दिलेले ब्रह्मदेशी अजगर इतके माजले होते की तिथले ससे-रॅकून दिसेनासे झाले. आदल्या वर्षी तिथे स्पर्धा ठेवली होती. हजाराहून जास्त लोक उतरले आणि महिन्याभरात १०६ अजगर मिळाले. आता वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन हे दोघे इरुळर आपल्या पहारी घेऊन गेले, दुभाषे बरोबर. चार आठवड्यांच्या आत २७ अजगर. त्यातली एक मादी १६ फुटी. तिथले लोक मोटारीतून रस्त्यांच्या कडेने अजगर शोधत, हे दोघे गवतात शिरून लेंडी, खवल्याची चमक, दबलेलं गवत बघत. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली. या वेळी नावं पूर्ण छापली गेली.

इरुळरांची पंगत बघायची असेल तर मासी महिन्याच्या पौर्णिमेला मामल्लपुरमच्या किनाऱ्यावर जावं. ठिकठिकाणचे इरुळर तिथे येतात, समुद्राकाठी वाळूत काठ्या आणि साड्यांचे आडोसे करून राहतात. त्यांची देवी कन्नीअम्मा, सात कुमारिकांची. वाळूचंच ठाणं करतात, सात पायऱ्यांचं, पहाटे पूजा होते, लग्नं जुळतात, काही तिथेच लागतात. वाळूत खड्डा करून तीन दगड मांडले की चूल झाली. शेजारच्या आडोशाला मीठ मागायला गेलं की कालवणही मिळतं. मी तिथे चुली मोजायला गेलो होतो, पण एवढ्या गर्दीत कुठली चूल कुणाची हेच कळेना.

संस्थेत साडेतीनशेच्या आसपास सभासद आहेत. कुठले साप किती पकडायचे याचा आकडा वनखातं ठरवतं आणि परवाना तिथूनच यावा लागतो. तो लांबला की मडकी रिकामी राहतात, पुढे प्रतिविष बनवणारेही वाट बघत बसतात. त्या दिवसांत सभासद पहार घेऊन भाताच्या शेतांकडे वळतात. उंदरांना परवाना लागत नाही.