बंद पाकिटातलं उत्तर

फोनवर पैसे लावून रमी किंवा फँटसी क्रिकेट खेळायला लावणाऱ्या ॲप्सच्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. या कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात एकच मुद्दा मांडत आल्या: हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशाचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. पण हा वाद आला कुठून, हे शोधत मागे गेलं की आपण पोहोचतो शब्दकोड्यापाशी.

होय, तेच शब्दकोडं. आडवे शब्द, उभे शब्द, काळी घरं.

छापील शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसाने हिऱ्याच्या आकाराचं कोडं दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याचं वेड झालं आणि वेडाच्या मागे पैसा आला. प्रवेश फी भरा, कूपन भरून पाठवा, बक्षीस जिंका. हा धंदा इंग्लंडात चालला, तसा आपल्याकडेही चालला. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर लावणारा कायदा केला. १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धाही त्यात ओढल्या. तेव्हा आर.एम.डी. चमारबागवाला आणि त्यांची कंपनी कोर्टात गेली. त्यांची शब्दकोडी ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाच्या पत्रात यायची. ते छापलं जायचं बंगळुरात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आणि गिऱ्हाईक मोठ्या संख्येने मुंबई राज्यातलं.

९ एप्रिल १९५७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंत दाखले दिले आणि सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला राज्यघटनेचं संरक्षण नाही. (त्या दिवशी आमचं नाचणगाव मुंबई राज्यात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. नोव्हेंबर १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता.)

शब्दकोडं आणि जुगार? वाचताना मलाही खटकलं. पण त्या स्पर्धांची बांधणी बघा. समजा सूचना आहे: ‘संसारात हे नसेल तर भांडण होतं’. घरं दोन, दुसऱ्यात ‘न’ आलेला. आता ‘मन’ की ‘धन’? दोन्ही बसतात, दोन्ही पटतात. बरोबर कोणतं, हे आयोजकाने आधीच ठरवून पाकिटात बंद करून ठेवलेलं. अशी आठ-दहा घरं असली की भाषा येणारा आणि न येणारा दोघेही सारखेच. तुम्ही शब्द शोधत नाही, दुसऱ्याने काय लिहिलं असेल त्याचा अंदाज लावता.

त्याच दिवशी, त्याच चमारबागवालांचा दुसरा निकालही लागला. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांच्या स्पर्धांवर बंदी घातली होती. कोर्टाने म्हटलं, हा कायदा फक्त जुगारासारख्या स्पर्धांना लागू, ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे त्यांना नाही. पुढे रमी, घोड्यांच्या शर्यती, फँटसी क्रिकेट यांचे वकील याच फटीतून आत शिरले.

आमच्या घरी हा खटला रोज सकाळी चालतो. बाबा पेपरातलं कोडं सोडवतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं ताडून बघतात. एखादं जुळलं नाही की सुरू: “माह्यं कसं चुकलं? तेही बसतेच ना!” बाबांचं बरोबर असतं. नुसत्या समानार्थी शब्दावर उभ्या असलेल्या सूचनेत ‘बसतं’ यापलीकडे पुरावाच नसतो.

पुरावा देते ती शब्दांची कसरत. इंग्लंडात १९२६ पासून ऑब्झर्व्हर पत्रात टॉर्क्वेमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉइज मॅथर्स यांनी अशी कोडी रचली. त्यात सूचनेचा एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा भाग तोच शब्द तुकड्यांतून बांधून दाखवतो. दोन्ही वाटा एकाच उत्तरावर आल्या की संपलं, पाकीट उघडायची गरज नाही.

मराठीला हे अवघड जाऊ नये. श्लेष आपल्या कीर्तनात, लावणीत, पुलंच्या लेखांत सगळीकडे आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी तर ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. तरी पेपरातली बहुतेक कोडी अजून ‘पाण्याला दुसरा शब्द’ इथेच थांबलेली. म्हणून मी वर्धा जिल्ह्यातल्या गावांची नावं घेऊन एक कोडं रचायला बसलो.

पहिली अडचण माझ्याच धंद्यातली निघाली. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. ‘नाचणगाव’ची घरं पाच, पण प्रोग्रामला लांबी विचारली तर तो सात सांगतो, कारण काना तो वेगळा मोजतो. ‘आर्वी’ची घरं दोन, त्याच्या लेखी पाच. युनिकोडच्या नियमांत देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरायची सोय २०२३ मध्ये आली. दुसरी अडचण त्याहून चिवट: ‘न’ आणि ‘ना’ एकमेकांना छेदत नाहीत. इंग्रजीत सव्वीस अक्षरांत भागतं, आपल्याकडे शेकडो. त्यामुळे जाळी विरळ होते, छेद कमी मिळतात, आणि सूचनेवरचा भार वाढतो. म्हणूनच वाटतं, मराठीला कसरतीची सूचना इंग्रजीपेक्षा जास्त लागते.

माझ्या काही सूचना. ‘नाच, बाणाचं टोक आणि शेवटी वस्ती: पुलगावचा शेजारी (५)’. नाच, मग ‘बाण’चं शेवटचं अक्षर ण, मग गाव. ‘ईश्वर होळीच्या शेवटी भेटतो ते आमचं तालुक्याचं ठिकाण (३)’. देव आणि ‘ळी’, देवळी. ‘मावळातली नदी रस्त्याच्या सुरुवातीला मिळून विनोबांच्या आश्रमी पोहोचली (४)’. ही बाबांना दिली. त्यांनी आधी ‘इंद्रायणी’ लिहून पाहिलं, घरं मोजली, खोडलं. चहा गार झाला. मग ‘पवना’ लिहिलं, पुढे ‘र’ जोडला आणि पेन खाली ठेवलं. बरोबर आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

एक अजून कोणाला दिलेली नाही: ‘फळाशेजारच्या झऱ्याचा काना गेला (४)’. गाव आमच्याच जिल्ह्यातलं.